विहिरीजवळचा चोपण गुंठा

१९ ऑक्टोबर
भूगोल शिकवून निवृत्त झालो, पण पाच एकर शेतीचा कारभार अजून आमची ही, सत्यभामाच बघते. मी शाळेत असताना तिनं सांभाळला, हे मान्य. आता घरात शास्त्रीय दृष्टीचा माणूस मोकळा आहे. तसं सांगितलं. ही म्हणाली, विहिरीजवळच्या चोपण गुंठ्यात हरभरा आणून दाखवा, मग पाच एकराचं बोलू. त्या गुंठ्यावर क्षाराचा पांढरा थर असतो, गवतसुद्धा टिकत नाही. अट मान्य. मार्चपासून कारभार माझ्याकडे.

२० ऑक्टोबर
माती चाखली. खारट. डॉक्टरांनी बीपीमुळे माझं मीठ बंद केलंय, त्यात माती धरायची का, हे विचारायला हवं.
निश्चय: गुंठ्याचं आणि माझं मीठ एकदमच कमी करायचं.
रात्री ठेचा खाल्ला. चवीपुरता.

२३ ऑक्टोबर
घाटनांदूरला कृषी सहायक पंचशीला मॅडमना भेटलो. आधी माती परीक्षण, मग अहवालाप्रमाणे जिप्सम, ते मातीत मिसळून भरपूर गोडं पाणी, पाणी बाहेर जायला चर, मग बियाण्याला जिवाणू चोळून गादीवाफ्यावर पेरणी. असं बरंच लांबण. मी फक्त ‘जिप्सम’ टिपून घेतलं. मुद्दा पकडायची सवय जुनी आहे.

२६ ऑक्टोबर
अंबाजोगाईच्या मेहुण्याला, अजिनाथला फोन. तो घरांना फॉल्स सीलिंग करून देतो. गोडाऊनमध्ये जुनी पोती पडून होती. म्हणाला, दाजी, लई हाय, टेम्पो भरून देतो, पर तुमाला कावून पायजे? सांगितलं नाही. संशोधन आधी फोडायचं नसतं.

२९ ऑक्टोबर
पोत्यांवर ‘पीओपी’ छापलंय. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, जिप्सम भाजूनच करतात. म्हणजे सुधारित आवृत्ती.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी
बियाण्याला जिवाणू चोळले. चर रद्द. आधी पेरलं, वर सगळी पावडर सारखी पसरली, मग मोटार लावली. एका पाण्यात सगळी कामं. गुंठा दुधासारखा दिसतोय. कंबर गेली.

३ नोव्हेंबर
गुंठा घट्ट झालाय. जमिनीला बांधणी येतेय.

४ नोव्हेंबर
चाललं की टक टक वाजतं. हिची कोंबडी त्यावर घसरली. ही पदर तोंडाला लावून आत गेली.

११ नोव्हेंबर
उगवण नाही. चिंता नाही. पंचशीला मॅडम म्हणाल्याच होत्या, क्षारामुळे पिकाला ताण बसतो. माझ्या पिकाला जास्त ताण आहे. ते तितकंच काटक निघेल.

१६ नोव्हेंबर
बियाण्याला थोडी मदत म्हणून कुदळ मारली. दांडा मोडला. मजूर बघायला गेलो तर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. उरलेल्यांत शहादेव भेटला. तो येऊन गुंठ्यावर उभा राहिला, दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, गुरुजी, स्लॅब झ्याक झालाय, आता कॉलम कवा काढता?
शहादेवशी बोलणं बंद.

२५ डिसेंबर
अजिनाथ आला. गुंठा बघून मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, कळलं नाही. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. जेवणात दोन पापड जास्त झाले.

१४ जानेवारी
पंचशीला मॅडमना फोटो पाठवला. ‘हे अंगण कुणाचं?’ असं उत्तर आलं. फोटोचा कोन चुकला असावा.

२२ फेब्रुवारी
गुंठाभर हरभरा! चांगला गुडघाभर ढीग.
मुक्ताबाईंचा. शेजारी राहतात, त्यांनी हिला विचारून मळणीला टाकला. एवढं गुळगुळीत खळं पंचक्रोशीत नाही म्हणे. उद्या शहादेवचा नंबर.

१ मार्च
आजपासून कारभार माझ्याकडे यायचा होता. हिला आठवण करून दिली. ही म्हणाली, पाच एकराचं ऱ्हाऊ द्या, खळं तेवढं बघा. कोंबड्या लई येत्यात.
काठी शोधून ठेवली. सकाळपासून खळ्यावर.
संध्याकाळी मुक्ताबाईंनी खळ्याचा मान म्हणून ओंजळभर हरभरा दिला. गुंठ्याचं पहिलं उत्पन्न. हिनं तो भाजला आणि वाटीत घालून आणून दिला.
अळणी होता.