दंडावरची देवी आणि तुझी म्हैस

माय, आज सकाळपासून तुझी ती काळी म्हैस डोळ्यांपुढून हलत नाही. तुला लिहायला बसले आणि आधी म्हैस आठवली म्हणून रागावू नकोस, त्याला कारण आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे धुळ्याला आली आहे. नात आता चांगली गोबरी झाली आहे आणि आज दवाखान्यात देवीची लस टोचणारे देवी डॉक्टर बसणार आहेत. पण तुझे जावई म्हणतात, "राहू दे, सासरी गेल्यावर ते लोक टोचून घेतील." त्या इवल्याशा दंडावर ओरखडे काढलेले त्यांना बघवत नाहीत. पलीकडच्या गल्लीत दोन दारांना देवी आल्याच्या खुणेचे कडुलिंबाचे डहाळे लागलेत, तरी यांचं आपलं राहू दे. काल संध्याकाळी मी जरा तिखट बोलले, तेव्हापासून आमचा अबोला आहे. ते ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलेत आणि मी आत खिडकीशी तुला लिहिते आहे.

भडगावजवळच्या आपल्या घरात आत्याचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट. दादा आपल्या बहिणीचा बस्ता बांधायला धुळ्याला गेलेले. अंगणात खाटांवर पापड वाळत पडलेत, मी काठी घेऊन कावळे हाकते आहे, आणि दवंडीवाला ओरडत जातो की चावडीवर देवी डॉक्टर आले आहेत, पोरं घेऊन या. गिरणा नदीच्या पलीकडच्या वाडीत देवी आल्याचं आदल्या दिवशीच कळलेलं. मला टोचून झालं होतं, धाकटा मात्र तुझ्या कडेवरचा, कोऱ्या दंडाचा. आणि तुझ्या तोंडावर तर लहानपणच्या देवींचे वण होतेच, त्यामुळे आपलं घर त्या दुखण्याला चांगलं ओळखत होतं. पण आबा ओट्यावरून उठेनात. त्यांचंही चुकीचं नव्हतं म्हणा. टोचल्यावर फोड उठतो, फोड उठला की देवी घरात बसली, आणि देवी घरात असेपर्यंत फोडणी नाही, तळण नाही, पाव्हणा नाही. गावात सगळे तेच पाळायचे. मग लग्न कसं करायचं?

आता आबा पडले सासरे, त्यांच्याशी तू बोलणार कशी? पदर नाकापर्यंत आणि तोंडातून शब्द नाही, ही तुझी शिस्त. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तुझं म्हशी बोले सासऱ्या लागे असं होतं. तू टोपलं घेऊन गोठ्याशी गेलीस आणि ओट्यावर ऐकू जाईल अशा बेतानं म्हशीला म्हणालीस, "आयक वं माय, वाडीमा देवी उनी शे. आपला धाकला कोरा शे."

आबांनीही कधी तुझ्याकडे मान वळवली नाही. तेही म्हशीलाच म्हणाले, "तुन्ही मालकीनले सांग, घरमा लगीन शे. देवी घरमा बठनी त कढई चुल्हावर चढस का?"

म्हैस रवंथ करत होती. तिला काय, तिच्यासमोर कोणीही भांडावं.

"देवी दंडवर बठस," तू म्हणालीस, "चुल्हासंगे तिले काय काम? दंडले निंबना पाला बांधसूत. दंडनं दंड पाळी, कढईनं कढई पाळी."

मला हसू फुटलं, आणि आबांच्याही मिशा हलल्या. जिंकलीस असं वाटलं. पण त्यांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा तू टोपलं खाली ठेवलंस. तुझा आवाज बारीक झाला, तरी मला अजून ऐकू येतो. "ती मन्हा एक आंडोर लई गई. हाऊ धाकला मी देवाव नई."

तुझ्या त्या आंडोराचं, माझ्या आधीच्या भावाचं, नाव आपल्या घरात कोणी काढत नसे. आबा ओट्यावरून उठले. मग पागोटं डोक्यावर ठेवून म्हशीला म्हणाले, "चाल, सांग तिले. चावडीवर चाल म्हना."

चावडीवर तू धाकट्याला आबांच्या मांडीवर दिलंस आणि स्वतः पाठमोरी उभी राहिलीस. मला तेव्हा वाटलं, सगळं सासऱ्याचा मान म्हणून. धाकट्यानं असा टाहो फोडला की आबांचे डोळेच भरून आले. लग्नात मग तुझा कायदा चालला. दंडाला पाला, चुलीवर कढई. वऱ्हाडी बायका मांडवात शिरल्या की आधी धाकट्याच्या दंडापाशी हळद-कुंकू वाहायच्या, मग नवरीकडे जायच्या, आणि आत्या फुगून बसायची. सगळ्यात जास्त पापड आबांनी खाल्ले.

त्या उन्हाळ्यात देवी नदी ओलांडून आपल्या गावात आल्या. काही घरं रडली. आपल्या दारावरून त्या पुढे गेल्या. धाकटा आता जळगावला कापसाच्या जिनात मुकादम आहे, पोट सुटलंय, आणि बाही वर करून लोकांना सांगतो, माझ्या दंडावर आत्याचं लग्न लागलं.

माय, एक सांगून टाकते. हे पत्र मी मोठ्यानं वाचत लिहिते आहे. धुळ्याच्या या घरात म्हैस कुठून आणू? तुझ्यावरच भागवलं. मघापासून ओट्यावर वर्तमानपत्राचं पान उलटलेलं नाही.

आत्ता खुर्ची सरकली. ते आत आले, पाळण्यातून नातीला उचललं, माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "आजीला सांग, म्हशीनं सगळं ऐकलं. टोपी कुठं ठेवलीय ते विचार." मी नातीलाच सांगितलं, खुंटीवर आहे.

दवाखान्याकडे गेले दोघं. लेकही मागोमाग गेली. मला बोलावलं होतं, पण मी चुलीवर दूध आहे म्हणाले. दूध कधीच उतरवून ठेवलंय. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं, आता हे पत्र काही टपालात टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. टोचताना नातीचं रडणं मला तरी कुठं बघवतं? तू चावडीवर पाठमोरी का उभी राहिलीस, ते मला आज कळलं.