मुनियाची बादली

मंगळवार, ६ जानेवारी
धुकं. तबेल्यावर पोचायला नऊ. ज्या मुलांना धड चालता येत नाही त्यांना इथे घोडीवर बसवून फिरवतात, पायांत बळ येतं. माझ्याकडे लीद उचलणं, झाडलोट, दाणापाणी. हौसेचं काम. ह्यांची रेल्वेतली बदली साताऱ्याहून काशीला झाल्यापासून दिवस खायला उठायचा, आता नाही. घोड्यांची निगा राखणारा साईस रामधनी म्हणाला, चाची की हिंदी बढ़िया हो गई. ह्यांना दोनदा सांगितलं.

गुरु. ८ जाने.
रामधनी औषध आणायला निघाला. जाता जाता, "चाची, मुनिया की बाल्टी आज खाली रखिएगा."
म्हातारी घोडी, मान दुखत असेल. बादली खुंटीवरून काढली, भिजले चणे नेहमीसारखे भरले आणि खाली ठेवली. जमिनीवर.
दुपारी मुनिया लोळायला लागली, घामाघूम. सकाळीच पोट बिघडलेलं, दाणा बंद होता. मला ठाऊक नव्हतं. खाली म्हणजे रिकामी! जीभ हिंदी झाली, कान साताऱ्यातच.
तबेला चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रामधनीलाच फैलावर घेतलं, दाणा तूच दिलास म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी झाडत राहिले. झाडलेलीच जागा.

शनि. १० जाने.
मुनिया वाचली. मुलांना मात्र महिनाभर तिच्यावर बसवायचं नाही. रामधनीला बाई म्हणाल्या, महिनाअखेर दुसरीकडे काम बघ. सगळा जन्म घोड्यांत काढलेला माणूस.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग बाईंशी बोल. बोलेन म्हटलं.
चूक कुणाचीही होते. लाज वाटते ती त्या केरसुणीची.

बुध. १४ जाने. संक्रांत
तीळगूळ नेला. बाईंना दिला, गोड बोला म्हटलं, अर्थही समजावला. त्या हसल्या. बोलायचं ते राहिलंच.
रामधनीने तीळगूळ खाल्ला, हात झटकले. "चाची, मराठी में खाली को क्या कहते हैं?"
रिकामी, म्हटलं.
त्याने मान हलवली आणि गवत टाकायला गेला.

शुक्र. १६ जाने.
मुनियाच्या बादलीवर खडूने, वेडंवाकडं: रिकामी.
म्हणजे त्याला सगळं कळलंय. तरी बाईंपाशी चकार शब्द नाही. माझी नाही झाली हिंमत, त्याची झाली गप्प राहायची.
बादली घेऊन बाईंच्या खोलीपर्यंत गेले. त्या फोनवर. हातानेच थांबा म्हणाल्या. थांबले. मग बादली दाराशी ठेवली, खडूचा शब्द त्यांच्याकडे करून, आणि घरी आले.
त्यांना मराठी येत नाही. मला ठाऊक आहे.