न दिलेलं इंजेक्शन

सूर्यमाळ

कमलेशदादा,

सोमवारी आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. तू ठाण्याहून फोनवर ओरडलास, "आधी इन्सुलिन दे!" मी म्हणाले, "दिलं." दादा, ते खोटं होतं. वाद घालायला वेळ नव्हता.

नर्सताईंनी मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ आईने आणि मी पाहिला होता. रक्तातली साखर उतरली की असाच घाम येतो, आणि इन्सुलिनने ती आणखी उतरते. साखर मोजायच्या मशीनवर बावन्न आलं, फारच कमी. मी तिला साखरेचं पाणी पाजलं आणि तिचा हात धरून बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सपना, केवढं गोड केलंस गं!"

तू सगळ्यांना सांगतोस, इन्सुलिनने आई वाचली. आज तिला ठाण्याला नेतोयस. तिथे पुन्हा असं झालं तर तू सुई टोचशील, आणि ती उठणार नाही.

तुझी जीप येईलच. हा कागद चुलीत घालते आणि तुझ्या तोंडावरच सांगते.

तुझी,
सपना