झाडाच्या पाण्यातलं पाणी

८ मार्च १९८३
आलं एकदाचं! नवऱ्यानं, नॉर्मांनं, यंत्र ट्रॅक्टरला बांधून आणलं. मेपल झाडांच्या रसाचा पाक करायच्या आमच्या गुऱ्हाळाच्या दारातून आत जाईना – शेवटी त्यानं चौकटच उखडली. कपाटाएवढा सांगाडा, त्यात उभ्या पोलादी नळ्या आणि एक पंप. सासऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही. लाकडं रचत राहिले.
"हे काय, गायी पिळायचं यंत्र?"
"रसातलं पाणी काढायचं, बाबा. आटवायला घेण्याआधीच," मी म्हणाले.
"पाणी घालवायला विस्तव असतो, गिसलेन."
एवढंच. आणि पुन्हा लाकडांकडे वळले.

९ मार्च
नॉर्मांचा खांदा पुन्हा ठणकतोय. आटवायला लागणारं लाकूड फोडून फोडून ही गत. डॉक्टर म्हणाली – असंच चाललं तर हात वर जायचा नाही. हे बाबांना सांगायची त्याला लाज वाटते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून कुऱ्हाड चालवतात! यंत्र फसलं तर झाडं दुसऱ्या कुणाला द्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तेही त्यांना माहीत नाही.

१४ मार्च
ऊन पडलं, झाडांतून रस वाहू लागला. यंत्र सुरू केलं.
कसं लिहू! पंप गुरगुरला आणि रस नळ्यांत शिरला. आत म्हणे पातळ पडद्याची गुंडाळी आहे. जोरात दाब दिला की पाणी त्यातून पलीकडे जातं, साखर अलीकडेच राहते. दोन धारा पडायला लागल्या. दोन्ही सारख्याच नितळ! पहिलीखाली बोट धरलं, चाटलं – काहीच नाही. विहिरीच्या पाण्यालाही चव असते, याला तीसुद्धा नाही. दुसरी चाटली – गोड! नुसत्या रसाहून कितीतरी गोड!
हे पाणी मी जन्मभर वाफ होऊन छपरातून जाताना पाहिलंय. आज ते माझ्या ओंजळीत होतं. गार. विस्तवाशिवाय. अंगावर काटा आला. मी चक्क क्रूसाची खूण केली – कुणी पाहिलं नाही ते बरं!

१५ मार्च
कढई जळता जळता वाचली! रसातलं बरंचसं पाणी आधीच गेलेलं, त्यामुळे आटायला वेळच लागला नाही. नॉर्मां डबे आणायला गेलेला, मी लाकूड घालायला वाकले, तोवर फेस काठावर. बाबा कुठून आले कळलंच नाही. फेसात लोण्याचा गोळा टाकला, कढईत आणखी रस सोडला. फेस बसला.
"यंत्राला घाई आहे, तू तरी डोळे उघडे ठेव!"
मग चमच्यातला पाक त्यांनी खिडकीकडे धरला. फिकट सोनेरी. "रंगच नाही याला." चाटला. परत चाटला. चमचा घेऊनच निघून गेले.
संध्याकाळी जेवायला घरी! मार्चमध्ये! एरवी या महिन्यात मध्यरात्रीपर्यंत आम्ही कढईपाशीच असतो. आज वाटाण्याच्या सुपावर तिघं समोरासमोर. नॉर्मांनं पत्ते काढले.

१६ मार्च
आजही लवकर घरी. बाबा पत्त्यांत लबाडी करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला हे आत्ता कळतंय!

२२ मार्च
पहाटे जाग आली तर वीज गेलेली, घरातसुद्धा तोंडातून वाफ निघत होती. यंत्रातला पडदा गोठला की फाटतो. मग सगळंच संपलं. आम्ही दोघं बर्फातून धावत सुटलो.
गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर येत होता. आत बाबा. यंत्राभोवती सासूबाईंची गोधडी – त्या गेल्यापासून पेटीतून बाहेर न निघालेली – आणि त्यावर बाबांचा कोट. शेगडी लालभडक. स्वतः नुसत्या सदऱ्यावर बसलेले.
"बाबा, तुम्ही? ह्याच्यासाठी?" नॉर्मां म्हणाला.
"ह्याच्यासाठी कशाला? तुझा खांदा मला दिसत नाही वाटतं? मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."
नॉर्मांला रडू आवरेना. बाबा त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. अगदी अलगद. मी सूप आणायच्या निमित्तानं बाहेर पडले.

११ एप्रिल
थंडी सरली, बेडूक ओरडायला लागले, झाडांचा रस थांबला. हंगाम संपला. यंत्र त्यानंच काढलेल्या पाण्यानं धुतलं. आणि लाकूड – अर्ध्याहून जास्त उरलं! वसंतात उरलेलं लाकूड आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाबा त्या ढिगासमोर टोपी काढून उभे होते, चर्चमध्ये उभे राहतात तसे.

१९ मे
डॉक्टर म्हणाली, डिसेंबरात बाळ होणार. मला! एकेचाळिसाव्या वर्षी! आम्ही तर आशाच सोडली होती. नॉर्मां खुर्चीत बसला तो अजून उठलेला नाही. बाबा डोळे पुसून म्हणाले, "मार्चमध्ये नवरा संध्याकाळी घरी असला की असं होतं होय!"