टेपचं दुमडलेलं टोक

जव्हार,
२२ नोव्हेंबर

जिवादादा,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आयचा गुडघा बरा आहे. भात झोडून झाला. नाचणी कमी आली.

मंगळवारी तुझी रुग्णवाहिका गॅरेजला आली. धुतल्यावर बंद पडली. सगळे दिवे लागत होते, इंजिन फिरत नव्हतं. घाटात झालं म्हणून तू सांगत होतास, तसंच. स्कॅनर लावला. इंजिनाचा कॉम्प्युटर उत्तर देईना. उमेशशेठ म्हणाले, तोच गेला. मी बॅटरी सोडून दोन बारीक तारांवर मीटर धरला. गाडीतले सगळे कॉम्प्युटर त्यांवरूनच एकमेकांना निरोप देतात. साठ ओहम यायला हवे होते. एकशेवीस आले. म्हणजे तार कुठेतरी तुटलेली.

डॅशबोर्डखाली एक जोड सापडला, हिरवा पडलेला. ओल आली की निरोप थांबतो, सुकली की चालू होतो. म्हणून तेव्हा घाटात बंद पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी पहिल्या चावीला सुरू झाली आणि तू खोटा ठरलास.

जोडावरच्या टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुन्हा सोडायला सोपं जावं म्हणून. गॅरेजात असं फक्त मी करते. गाडी कुठे आहे ते कळवणारा डबा जुलैत मीच बसवला. त्यासाठी याच तारा कापून परत नुसत्या पिळल्या, सोल्डर केलं नाही. शेठ घाई करत होते. नाही, शेठ नको. मी केलं नाही.

ते आता म्हणाले, "नवा जोड मार आणि गप बस. गाडी चालली ना?"

घाटात गाडी बंद पडली त्या दिवशी तू कळा सुरू झालेल्या फागीला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत आलास. मूल गेलं. तिचा नवरा लक्ष्या सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बहीण आहेस ना? हुंग त्याचं तोंड."

मी हुंगलं. वास नव्हता. मी मान खाली घातली. लोकांनी काय समजायचं ते समजलं.

तू प्यायला नव्हतास असं म्हटलं असतं, तर सगळे गाडीकडे वळले असते. ती आठवड्यापूर्वीच माझ्या हाताखालून गेली होती.

काल लक्ष्याच्या अंगणात जाऊन सांगितलं. फागी नाचणी पाखडत होती. "मग जिवादादा प्यायला नव्हता?" मी म्हटलं, "नव्हता." ती पाखडत राहिली.

तुझी चौकशी करणाऱ्यांनाही लेखी दिलं. गॅरेजातलं काम सुटलं.

गावी परत ये म्हणत नाही. जोडाचा तुकडा कापून सोबत पाठवते आहे. टेप होती तशी गुंडाळली आहे. सोडून बघ, सोपं जाईल.

वास नव्हता हे माहीत असलेली,
कविता