पायथ्याच्या विटा

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी

चौथ्या बाळंतपणापासून हिचं अंग बाहेर येतं, आणि मला, नवऱ्याला, ते परवा कळलं! अकोल्याच्या डॉक्टरला विचारलं. म्हणाला, चिरायला गेलो तर जीवच जाईल. सुईण म्हणाली, ओझं उचलू देऊ नका, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावा.

आज विटा लावल्या, तर उचललेला पायथा समोरच्या देव्हाऱ्याच्या उंचीला आला. ही पाय पोटाशी घेऊन पडली.

"पाय देवाकडे होऊन राहिले ना! मले नाई जमत."

उशी त्या टोकाला न्यावी, तर डोकं उत्तरेला होतं. खाट फिरवू कुठे? विलायतेत मागणी, भाव चढतोय, म्हणून घरात आढ्यापर्यंत कापूस कोंबलेला. विटांकडे बघत बसलो. मग अंघोळ केली आणि देवच उचलून हिच्या उशाशी मांडले.

"अवो, देव हालवले तुमी?"

"हालवले. त्यायचं काई दुखत नाई."

हसली. पोटाशी घेतलेले पाय हळूच लांब केले.