भायखळ्याचा तांदूळ

ठाकूरद्वार, गिरगाव
मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज, कंबर धरली आहे.

तुझ्याकडून निघाले ती रमावन्संकडे सुखरूप पोचले. वहिनीला सांग, तिचा स्टीलचा डबा चुकून माझ्या पिशवीत आला आहे, तुमचा मयूर इकडे आला की त्याच्याकडे देते. गुडघ्याला शेकायला निर्गुडीचा पाला दिलाय, तो फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि सकाळी मी चहासुद्धा न घेता निघाले, ते तिने मनाला लावून घेऊ नये. तिने काही केलेलं नाही.

फोनच केला असता, पण रिटायर झाल्यापासून तू सारखा मीटिंगमध्ये असतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तुझे हात जोडलेले येतात आणि विषय संपतो. म्हणून कागद घेतला. वन्संच्या नातवाच्या वहीतला आहे, समास बघून हसू नकोस.

गावचं तू कधी धड विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. शेती शिकवणाऱ्या संस्थेचा तो स्वप्नील दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं होतं. भाताचा मूठभर तरवा कोंबायचा तिथे म्हणे दोनच रोपं लावा, दोरी धरून, ओळीत. तुझे भावोजी बांधावर उभे राहून हसत होते. कापणीला त्यांचं हसू थांबलं. शेताच्या ज्या कुणग्यात चार पोती भात व्हायचं तिथे सहा झालं. आमच्या बायकांच्या गटातल्या सतरा जणींचं झालं, माझ्या एकटीचं नव्हे. मग भरडायला छोटी गिरण आली, तांदळाचा लाल कोंडा राखणारी. एवढं सगळं झालं आणि बाजारातला व्यापारी आमचा तांदूळ बघून नाक मुरडतो, पांढऱ्याच्याही खाली भाव पाडतो. पिकवायचं जास्त आणि हातात यायचं तेवढंच. म्हणून थेट मुंबईत विकायचं ठरलं.

स्वप्नीलने परळच्या एका टॉवरचं नाव सांगितलं. दर रविवारी खालच्या आवारात जागा देतील, आधी एक रविवार बघून कमिटी ठरवणार. नाव ऐकलं आणि मी उडीच मारली. दादाची बिल्डिंग! गटात सगळ्यांना सांगून टाकलं, आता काळजी नको, माझा भाऊ आहे कमिटीत.

तू फोनवर म्हणालास, "नाता सांगू नको हां कोणाक. लोक म्हणतले, पालवांनी घरच्यांका जागा दिली." मला ते पटलं. उलट बरं वाटलं, माणूस सरळ आहे म्हणून.

परवा रविवारी मी खाली तांदूळ मांडून बसले होते, भर दुपारी तू तुमच्या चेअरमनना, निमेशभाईंना, घेऊन खाली आलास. तांदूळ मुठीत घेतलास, वास घेतलास आणि मला विचारलंस, "कसा दिला तांदूळ, बाई?" शुद्ध मराठीत. घरात "मंजू, पेज कर गो" म्हणणारा तू! मला हसू आवरेना. वाटलं, दादा नाटक काय झकास वठवतोय. मीही पदर सावरून म्हटलं, "घ्या साहेब, यंदाचाच आहे."

साहेब! तीस वर्षं हाच तांदूळ पोत्याने तुझ्या घरी येतोय, त्याचा भाव तू जन्मात पहिल्यांदा विचारलास. लालबागला चाळीत होतास तेव्हा गावचं पोतं आलं की तू वाडगे भरभरून शेजारी वाटायचास, "आमच्या गावचो" म्हणून. तुझे भावोजी रामचंद्र धुरी आणि त्यांची बायको चिखलात वाकायची आणि हात तुझा मोठा दिसायचा. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. वानोळा पाठवायचाच असतो. पण वाटलेला तांदूळ मानाचा आणि विकलेला लाजेचा, हे तुझं गणित मला ठाऊक नव्हतं.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते.

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर निमेशभाई समोर आले. त्यांना वाटलं, मी उरलेला माल न्यायला आले. भला माणूस आहे, थांबला. म्हणाला, "ताई, सॉरी हां. माझ्या मिसेसला तर तुमचा चावल एकदम आवडला, दर संडेला घेऊ बोलली. पण काल कमिटीत माधवराव बोलले, कोकणात आता शेती करतो कोण, सगळी जमीन पडीक. ही लोकं भायखळ्याला मार्केटात पोती उचलतात, पुड्या बांधतात आणि गावचा म्हणून विकतात. आता ते तुमच्याच साइडचे. त्यांना माहीत असणार ना?"

मी मान हलवली. दूध घेऊन वर आले आणि पिशवी भरायला घेतली. "ते माझे सख्खे भाऊ," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग तू चार माणसांत खोटा पडला असतास. तुझं नाव राखलं आणि सतरा बायकांची मेहनत घालवली. राग तुझ्यापेक्षा मला माझाच जास्त येतोय. नाही, खोटं कशाला लिहू, तुझाच जास्त येतोय.

नुसतं "नको" म्हणाला असतास, दादा. जागा अडते, कचरा होतो, काहीही सांगितलं असतंस. मी रडले असते आणि विसरले असते. पण दर रविवारी लिफ्टमधून उतरलास की बहीण खाली बसून तांदूळ मोजताना दिसली असती. आज ना उद्या कोणीतरी चेहरा ओळखला असता. ते टाळायला तू आम्हाला चोर ठरवलंस. आता त्या सोसायटीतच काय, शेजारच्या दोन सोसायट्यांतही आम्हाला कोणी उभं करणार नाही. त्यांनीही स्वप्नीलला तसं कळवलंय म्हणे.

मघाशी कीर्तीचा फोन आला. आमच्या गटातली सर्वांत हुशार पोर. वायंगणाला, म्हणजे थंडीतल्या दुसऱ्या पिकाला, आम्ही यंदा पहिल्यांदाच हात घालणार होतो. या आठवड्यात बी टाकलं नाही तर हंगाम गेला. तिचा नवरा रोज म्हणतो, पिकवून करायचं काय, जमीन पुण्याच्या पार्टीला देऊन मोकळे होऊ. तिने त्याला मुंबईचा निकाल येईपर्यंत थांबवून धरलं होतं. मला विचारते, "काकी, बी भिजत घालू मां?"

मी म्हटलं, नको.

ती म्हणाली, "असा कसा? थंय आपलो माणूस असा मां?"

मी फोन ठेवला. याचं उत्तर तू तिला फोन करून दे. तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

रागावून परत पाठवायला माझ्याकडे तुझं काही नाही. दिलं ते आम्हीच. एकच गोष्ट सकाळपासून गिळता येत नाही. काल संध्याकाळी तू मीटिंगवरून वर आलास, हातपाय धुतलेस आणि पाटावर बसल्यासारखा त्या काचेच्या टेबलाशी बसलास. मी उरलेल्या पुडीतला भात केला होता. वर वालाची आमटी. तू जेवलास. "ह्या भाताची चव खंयच नाय गो," म्हणालास आणि पुन्हा ताट पुढे केलंस. मी वाढला. वर तूप घातलं. तुला भूक लागली होती, मला बरं वाटत होतं.

मी वाढत होते तेव्हा खाली काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं. तुला होतं.

माधवराव, तुमच्या वेळेचा खोळंबा केला. चूकभूल माफ असावी.

आपली,
मंजुळा रामचंद्र धुरी
शेतकरी